वाचकांचे प्रश्न : बीजाणुठसा का उमटत नाही, कोळ्याचे पाय का आखडतात?

भूछत्राचा बीजाणुठसा, म्हणजे टोपीतून पडलेल्या बीजाणूंचा कागदावरचा छाप, घ्यायचा दोनदा प्रयत्न केला. एकदा कागद कोराच राहिला, एकदा नुसता ओला डाग पडला. कुठे चुकत असेल?

बहुतेक वेळा भूछत्र निवडतानाच चुकते. टोपी अजून मिटलेली असेल, खालचा पातळ पडदा फाटलेला नसेल, तर बीजाणू पिकलेलेच नसतात. विकतच्या बटण मशरूमवर अनेकांचा प्रयोग फसतो तो याचमुळे. ती मिटलेली असतानाच काढतात. याउलट कडा वाळून वर वळल्या असतील किंवा अळ्यांनी टोपी पोखरली असेल, तर बीजाणू आधीच सांडून गेलेले असतात. टोपी पुरती उघडलेली, गर अजून घट्ट आणि गिल्सना, म्हणजे टोपीखालच्या उभ्या पात्यांना, रंग चढू लागलेला असे भूछत्र घ्यावे.

ओल्या डागाचे कारण वेगळे. बीजाणू पिकून आपसूक गळत नाहीत, ते उडवले जातात. प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी हवेतल्या दमटपणातून पाण्याचा सूक्ष्म थेंब साठतो. तो वाढत जाऊन बीजाणूच्या अंगावरच्या पाण्याच्या थराला टेकला की क्षणात त्यात मिसळतो आणि त्या हिसक्याने बीजाणू सुटतो. उडी मिलिमीटरच्या काही अंशांचीच, दोन पात्यांमधल्या फटीत पोहोचण्यापुरती. तिथून पुढे तो सरळ खाली पडतो. एवढे कळले की चुका आपोआप सापडतात. पावसात भिजलेल्या भूछत्राच्या पात्यांवर पाणी साचलेले असते, मग थेंबाला वेगळे राहायला जागाच उरत नाही. हवा फार कोरडी असेल तर थेंब साठत नाही. आणि टोपी तिरकी ठेवली तर खाली पडणारा बीजाणू समोरच्या पात्याला चिकटून बसतो.

देठ टोपीच्या पातळीला धारदार पात्याने कापा. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद, किंवा त्याहून चांगली म्हणजे काच, अगदी सपाट जागी ठेवा आणि गिल्स खाली करून टोपी तिच्यावर ठेवा. टोपी भिजलेली असेल तर आधी तासभर उघड्यावर निथळू द्या. सुकी वाटत असेल तर वरच्या अंगाला पाण्याचा एकच थेंब सोडा. वर वाटी पालथी घाला, कारण हलक्या झुळकेनेही ठसा विस्कटतो. सहा ते बारा तास हात लावू नका. उचलताना टोपी सरळ वर उचला, सरकवू नका.

रंग दिवसाच्या उजेडात बघा, आणि पातळ थरावरून ठरवू नका. पात्याने खरवडून छोटा ढीग केला की फिकट पिवळा कोणता आणि खरा पांढरा कोणता ते कळते. अमॅनिटाचा ठसा पांढरा येतो, वॉल्व्हॅरिएलाचा गुलाबी, अ‍ॅगॅरिकसचा गडद चॉकलेटी, शाईछत्र्यांचा काळा. क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही हिरवळीवर उगवणारी विषारी जात. कोवळेपणी तिच्या गिल्स पांढऱ्या असल्याने ती साधीसुधी वाटते. तिचा हिरवट ठसा मात्र तिला उघडी पाडतो. पेल्याच्या आकाराच्या बुरश्या बीजाणू वरच्या दिशेने उडवतात, त्यांच्यासाठी काच वर धरावी लागते. पफबॉलचे बीजाणू आतच पिकतात, त्याचा असा ठसा मिळत नाही.

भूछत्राचा फोटो पाठवला तर ते खाण्याजोगे आहे का, हे सांगाल का?

नाही. बीजाणुठसा सोबत पाठवला तरी नाही. पांढरा ठसा देणाऱ्यांत ऑयस्टर मशरूमही आहे आणि अमॅनिटा फॅलॉइड्सही. दुसऱ्यातले अ‍ॅमाटॉक्सिन हे विष शिजवून किंवा वाळवून नष्ट होत नाही. ते पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज २ या विकराला अडवते, त्यामुळे प्रथिने बनणे थांबते आणि यकृत निकामी होत जाते. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. मग एखादा दिवस बरे वाटते, आणि त्याच काळात यकृताची हानी चालूच असते. म्हणून रानातले भूछत्र खाल्ल्यानंतर उशिराने सुरू झालेली उलटी ही लगेच झालेल्या उलटीपेक्षा अधिक गंभीर समजावी. त्रास कमी झाला तरी थेट रुग्णालय गाठावे, उरलेले भूछत्र कागदात गुंडाळून सोबत न्यावे.

मेलेल्या कोळ्याचे पाय नेहमी पोटाशी आवळलेले का असतात?

कोळ्याच्या पायात दोन महत्त्वाच्या सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, पण सरळ करणारे स्नायू नाहीत. पाय लांबवण्याचे काम रक्तद्रव करतो. शिरोवक्षातले, म्हणजे डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागातले, स्नायू आवळले की रक्तद्रव दाबाने पायांत शिरतो आणि सांधे उघडतात. मेल्यावर दाब ओसरतो, वाकवणाऱ्या स्नायूंचा ताण तेवढा उरतो. उड्या मारणारे कोळी मागचे पाय असेच अचानक दाब वाढवून झटक्यात ताणतात. त्या पायांत डोळ्यांत भरावेत असे स्नायू नसतात.

याची एक व्यावहारिक बाजू आहे. पाण्यावाचून सुकलेल्या कोळ्यातही रक्तद्रव कमी होऊन पाय असेच आखडतात. पाळलेला टॅरंट्युला आखडलेला दिसला तर त्याला ओल्या टिपकागदावर ठेवा, तोंडाच्या भागाशी पाण्याचा थेंब टेकवा आणि काही तास थांबा. मात्र तो पाठीवर उताणा पडलेला असेल आणि पाय पसरलेले असतील, तर तो मेलेला नाही. कात टाकतो आहे. अशा वेळी हलवले तर नवे, मऊ कवच फाटते. भक्ष्य म्हणून सोडलेले जिवंत नाकतोडे किंवा रातकिडे आधी बाहेर काढा. ते मऊ पडलेल्या कोळ्याला कुरतडतात. दात पुन्हा काळे होईपर्यंत, म्हणजे मोठ्या टॅरंट्युलाला आठवडाभर किंवा अधिक, नुसते पाणी पुरे.

शेणावर उगवणाऱ्या बुरश्या वर्गात दाखवायच्या आहेत. काय लागेल, आणि वास-माश्यांचा त्रास कसा टाळावा?

घोड्याची लीद सर्वांत सोयीची. तंतू जाड असल्याने आत हवा खेळते. ससा, शेळी यांच्या लेंड्याही चालतात. कुत्र्या-मांजराची विष्ठा मुळीच घेऊ नका, त्यातून टॉक्सोकारा आणि टॉक्सोप्लाझ्मा या परजीवींची लागण होऊ शकते.

रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत टिपकागदाचे तीन-चार थर घाला आणि ते ओले करा. कागद वाकडा केल्यावर पाणी ओघळत असेल तर ते जास्त झाले. एक-दोन दिवसांची लीद मुठीएवढी घेऊन त्यावर सैलसर ठेवा. झाकण टेकवा, घट्ट लावू नका. बरणी खिडकीजवळ ठेवा, पण थेट उन्हात नको. 20 ते 25 अंश सेल्सिअस तापमान उत्तम. प्रयोग फसतो तो जवळजवळ नेहमी पाण्याच्या अतिरेकाने. शेण भिजून गच्च झाले की आत प्राणवायू पोहोचत नाही, जिवाणूंचे राज्य सुरू होते, घाण वास येतो आणि बुरशी मागे पडते. दिवसाआड फवाऱ्याने दोन-तीन झोत मारले की भागते. माश्यांनी अंडी घातली असतील तर अळ्या दोन दिवसांत सगळे कवकजाल फस्त करतात, म्हणून लीद गोळा केल्यावर लगेच झाकावी आणि बरणीच्या तोंडाला झाकणाखाली बारीक विणीचे कापड बांधावे. हातमोजे घाला, काम झाल्यावर हात साबणाने धुवा. दम्याचा त्रास असलेल्यांनी बरणीत डोकावू नये.

दोन-तीन दिवसांत म्यूकर या बुरशीची करडी लोकर दिसेल. ‘बिघडले’ म्हणून बरणी फेकू नका. साखरेसारखी सोपी द्रव्ये संपली की ती ओसरते. तिच्यासोबत किंवा पाठोपाठ, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, पायलोबोलस येते. वर्गात दाखवण्यासारखी ती हीच. काचेसारखे पारदर्शक देठ, वरच्या टोकाला फुगलेला फुगा आणि फुग्यावर काळी चपटी टोपी. तो फुगा भिंगाचे काम करतो. एका बाजूने आलेला उजेड त्याच्या आतल्या भिंतीवर एकवटतो आणि देठ वाकून उजेडाकडे तोंड करतो. फुग्यातल्या द्रवाचा दाब वाढत जाऊन तो टोपीखाली फाटतो आणि टोपी दोन मीटरपर्यंतही फेकली जाते. हे सहसा सकाळी घडते, म्हणून तास दुपारचा असेल तर बरणीच्या आतल्या बाजूवर फक्त काळे ठिपके दिसतील.

नेम किती अचूक असतो ते पाहायचे असेल तर बरणी काळ्या कागदाने गुंडाळा आणि एका बाजूला एक सेंटिमीटरचे भोक ठेवा. दोन दिवसांनी कागद काढला की काचेवरचे ठिपके त्या भोकाच्या जागी दाटलेले दिसतील.

एवढ्या लांब मारा करण्याची गरज काय? गुरे आपल्याच शेणालगतचे गवत टाळतात. बीजाणूंना पुन्हा गुरांच्या पोटात जायचे असेल तर त्या टाळलेल्या पट्ट्याच्या पलीकडे पडले पाहिजे. याचा फायदा एक सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखा बारीक कृमी, हाही उठवतो. गुरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या डिक्टियोकॉलसच्या अळ्या शेणातून बाहेर पडतात, पायलोबोलसच्या देठावरून चढून टोपीवर जमतात आणि टोपीबरोबर गवतावर जाऊन पडतात. स्वतःहून त्या फार दूर सरपटू शकत नाहीत.

पहिल्या आठवड्यानंतर पायलोबोलस संपते. बरणी तशीच ओलसर ठेवली तर दहाव्या-बाराव्या दिवसापासून अ‍ॅस्कोबोलस आणि सॉर्डेरिया या बुरश्यांच्या पेल्या-कुप्या भिंगाखाली दिसू लागतात, आणि तिसऱ्या आठवड्याच्या आसपास छोट्या शाईछत्र्या. त्या पहाटे उघडून दुपारपर्यंत वितळतात.

सूत्रकृमींना पकडणारी बुरशी खरेच असते का? साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल का?

असते, आणि 100 पट मोठे दाखवणारा सूक्ष्मदर्शक पुरतो. साधारण कुजलेल्या पानांच्या मातीत ती सापडतेच, फक्त तिला उपाशी ठेवावे लागते.

100 मिलिलिटर पाण्यात 2 ग्रॅम अगार उकळून विरघळवा. त्यात साखर, बटाट्याचा अर्क असे काहीही घालू नका. पोषक माध्यमावर वेगाने वाढणाऱ्या बुरश्या दोन दिवसांत थाळी व्यापतात आणि आपली शिकारी बुरशी दिसतच नाही. हे अगार निर्जंतुक करून 9 सेंटिमीटरच्या पेट्री थाळीत 15-20 मिलिलिटर ओता. गोठल्यावर मधोमध किंवा एका रेघेत साधारण अर्धा ग्रॅम माती भुरभुरवा.

आता भक्ष्य. काचेच्या नाळक्याला (नरसाळ्याला) रबरी नळी जोडून तिला चिमटा लावा, नाळके पाण्याने भरा. वर जाळीवर टिश्यूपेपर पसरून त्यात मातीचा थर ठेवा, माती पाण्याला जेमतेम टेकेल इतकी. थर एक सेंटिमीटरहून जाड नको. जाड थरात प्राणवायू संपतो आणि कृमी सुस्तावून तिथेच राहतात. सूत्रकृमी वळवळत टिश्यूतून पार होतात, पण पाण्यात वर तरंगत राहणे त्यांना जमत नाही, त्यामुळे ते नळीच्या तळाशी जमतात. 24 ते 48 तासांनी चिमटा सैल करून पहिले दहा मिलिलिटर पाणी काढा, जरा बसू द्या आणि तळाचे काही थेंब थाळीवर सोडा. थेंब जास्त झाले तर थाळीवर तळे होते आणि कृमी तंतूंना भिडतच नाहीत.

आठवड्याने पाहायला लागा आणि पाच-सहा आठवडे पाहत राहा. थाळी उलटी करून तळातून पाहिले तर झाकण उघडावे लागत नाही. आर्थ्रोबोट्रिस ऑलिगोस्पोरा तंतूंची चिकट जाळी विणते, आणि आसपास कृमी असल्याची रासायनिक चाहूल लागल्यावरच. ड्रेशलेरेला वंशातल्या काही जाती तीन पेशींची कडी करतात. कृमी कडीत शिरला की पेशी आतल्या बाजूला फुगतात आणि सुमारे 0.1 सेकंदात फास बसतो. मग कवकतंतू कृमीचे कवच भेदून आत शिरतो आणि त्याला पचवतो.

यामागे नायट्रोजनचा तुटवडा आहे. लाकूड आणि पालापाचोळ्यात कार्बन भरपूर, नायट्रोजन नगण्य. कृमीचे शरीर म्हणजे प्रथिनांचा तयार साठा. म्हणूनच लाकडावर वाढणारे ऑयस्टर मशरूमही सूत्रकृमी मारते. त्याच्या तंतूंवरच्या बारीक गोळ्यांना स्पर्श झाला की कृमी काही मिनिटांत लुळा पडतो.

मुंग्यांच्या मेंदूचा ताबा घेणारी बुरशी उद्या माणसाला होईल का?

मेंदूचा ताबा हा भाग आधी सोडवू. ऑफिओकॉर्डिसेप्स या बुरशीने ग्रासलेल्या मुंग्यांचे अतिशय पातळ छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांचे त्रिमितीय चित्र तयार केले गेले. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बुरशीच्या पेशी स्नायूंच्या तंतूंभोवती एकमेकींना जोडून पसरलेल्या दिसल्या. मेंदूत त्या नव्हत्या. मेंदूवर होणारा परिणाम बुरशी सोडत असलेल्या रसायनांचा असावा, असा त्यावरून तर्क आहे. थायलंडच्या जंगलात अशा मुंग्या जमिनीपासून सुमारे 25 सेंटिमीटर उंचीवर, पानाच्या खालच्या अंगाची शीर चावून मेलेल्या आढळतात. जबड्याचे स्नायू निकामी झाल्याने चावा सुटत नाही, आणि पुढे मानेमागून बुरशीचा देठ बाहेर येतो.

माणसाचे म्हणाल तर, नाही. ही बुरशी इतकी चोखंदळ आहे की तिची एकेक जात मुंगीच्या ठरावीक जातीपुरतीच असते. शिवाय बहुतेक बुरश्यांना 37 अंशांवर वाढताच येत नाही. भीती बाळगायचीच तर प्रतिकारशक्ती ढासळलेल्या रुग्णांतल्या अ‍ॅस्परजिलस, क्रिप्टोकॉकस आणि कॅन्डिडाची बाळगावी. त्यांवर औषध शोधणे अवघड जाते, कारण बुरशी वनस्पतींपेक्षा प्राण्यांची जवळची नातलग आहे. जिवाणूंच्या कितीतरी रेणूंवर आपल्याला धक्का न लावता घाव घालता येतो. बुरशीत अशा मोजक्याच जागा मिळतात. कोलेस्टेरॉलऐवजी पेशीपटलात असलेला एर्गोस्टेरॉल ही त्यातली सर्वांत जास्त वापरलेली जागा. फ्लुकोनाझोलसारखी औषधे त्याची निर्मिती रोखतात.

गांडूळ मधोमध तुटले तर दोन गांडुळे होतात का?

सहसा नाही. दोन्ही तुकडे वळवळतात, कारण प्रत्येक वलयात स्वतःची मज्जागुच्छिका असते, आणि तेवढ्यावरून समज पसरला आहे. तोंडाकडच्या तुकड्यात जाड पट्टा आणि त्यामागची काही वलये शिल्लक असतील तर तो जगून नवे शेपूट काढू शकतो. शेपटाकडचा तुकडा तोंड नसल्याने उपाशी मरतो. अपवाद आहेत. पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस ही गांडूळखतात वापरली जाणारी जात डोके पुन्हा वाढवण्यात तरबेज आहे, आणि लम्ब्रिक्युलस हा गोड्या पाण्यातला नातलग छोट्या तुकड्यातूनही पूर्ण प्राणी घडवतो. पण फावड्याने ‘संख्या वाढवणे’ हा खतखड्ड्यातला उपाय नव्हे. ओलावा टिकवा, अंड्यांचे कोष आपोआप वाढतील.

जुन्या पुस्तकांत एक मिलिमीटरचे फिकट कीटक पळताना दिसतात. कीटकनाशक फवारूनही परत येतात.

हे बुकलाइस, बहुधा लिपोसेलिस. नावात ऊ असली तरी रक्त पीत नाहीत. कागदावर आणि बांधणीच्या खळीवर वाढलेली, डोळ्यांना न दिसणारी बुरशी हे त्यांचे मुख्य खाणे. म्हणजे कीटक हे लक्षण आहे आणि दमटपणा हे दुखणे. फवारणीने अंडी मरत नाहीत, बुरशी तशीच राहते आणि कागद मात्र डागाळतो. घरात सर्वत्र आढळणाऱ्या लिपोसेलिस बॉस्ट्रिकोफिलात तर माद्या नराविना अंडी घालतात, त्यामुळे एखादी मादी उरली तरी पुरते.

हवेची सापेक्ष आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली गेली की या कीटकांना हवेतून पाणी शोषता येत नाही आणि ते सुकून मरतात. साधा आर्द्रतामापक कपाटात ठेवा, आकडा 50 च्या आसपास आणा आणि किमान तीन-चार आठवडे तिथेच ठेवा. अंडी कोरडेपणा अधिक काळ सोसतात, आठवडाभरात थांबलात तर नवी पिढी बाहेर येईल. पुस्तके भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा, मागे हवा खेळू द्या. मोजकी पुस्तके वाचवायची असतील तर प्रत्येक पुस्तक हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून उणे 18 ते 20 अंशांवर आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका. गार पुस्तकावर जमणारे दव पिशवीच्या बाहेर राहिले पाहिजे. ते कागदावर जमले तर बुरशीला पुन्हा पाणी मिळते.